बोटातून गेलेला टाका

अर्धांगाच्या झटक्यानंतर शिंपीमास्तर आज पहिल्यांदा तुरपाईला बसले होते. डावा हात बधिर होता, पण कापड दाबून धरण्यापुरता चालत होता. बायकोने शर्ट उचलला, तर त्याबरोबर मास्तरांचा हातही वर आला.

“अहो, बोटच शिवलंत की!”

“टाका सरळ आलाय ना?”

तिने दोरा कापला, बोट धुतलं. पूर्वी सुई टोचली की त्यांचं बोट टम्म सुजायचं. दुसऱ्या दिवशी नखाशी जरा पिवळट दिसलं, एवढंच.

“बघ, सूजसुद्धा नाही,” मास्तर म्हणाले.

तिला मात्र झटक्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. झटका आला की जंतूंशी लढताना सूज आणणारे शरीराचे राखणदार मेंदूकडे धावतात, तिथे नको इतकी सूज आणतात आणि मग थकून बसतात. त्यानंतर जंतूंना बाकी शरीरात रान मोकळं मिळतं.

“चपला घाला. दवाखान्यात जायचंय.”

“एवढ्याशा टोचण्यासाठी?”

“सुजलं असतं तर एवढी घाबरले नसते.”

मास्तरांनी डावा हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. धरलाय, हे त्यांना बघूनच कळलं.