पिहूच्या गळ्यातला सेल

हे मी कोनाले बोलली नाई. पोराले नाई, देवापुढं नाई. आज तुमाले सांगून राहिली.

माहे मालक पोलादाच्या प्लांटात ठेकेदाराकडं होते. ते गेले, मंग मी इकडं हिंदी मुलखातच, जामुलकडं एका सेठच्या गोडाऊनात लागली. चीनचा माल ये — गानारं झाड, बोलनारं मांजर, अन् एक पिवळं बदक. दाबलं का लाल-निळा उजेड पाडे अन् ओरडे. लेकरायले लई आवडे.

पन खेळनं म्हनून माल आनला तं कस्टमची ड्युटी भारी. वरून तपासनी — ढक्कनाले स्क्रू हाय का, लेकराच्या हाती आतला बटनासारखा सेल लागते का. लाइट म्हनून आनला तं हे काईच नाई. म्हनून कागदावर सारं लाइटच लिवलेलं. डब्यावर मात्र लेकराचं चित्र राहे. त्यावर दुसरा कागद चिकटवाचं काम माहं.

एका दिवशी कस्टमचे साहेब आले. सेठले सोडून मलेच पुसलं. म्हातारी कायले खोटं बोलन, असं वाटलं असन.

"मौसी, बच्चे खेलते हैं क्या इससे?"

"नहीं साहब, लाइट है. लोग भगवान के पास रखते हैं."

देवाचं सेठनं शिकवलं नोतं. ते मी माह्या मनानं जोडलं.

माल सुटला. सेठ खूश. फुटक्या डब्यातलं एक बदक त्यानं मले देल्लं, अन् मी ते पिहूले नेऊन देल्लं. पिहू म्हनजे शेजारच्या वंदनाची पोट्टी, दीड वर्साची. वंदना भंडाऱ्याकडची, मले मावशी म्हने. ढक्कन नखानं उघडते, हे मले मालूम नोतं का? मालूम होतं.

पन हे तं अर्धंच झालं...

थोड्या दिवसांनी वंदनानं हाक मारली. पोट्टी लाळ गाळून राहिली होती, पानीबी गिळे ना. वंदना तिले खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घाले. मले पलंगाखाली बदक दिसलं. ढक्कन बाजूले. आतला सेल नाई.

"मावशी, काई गिळलं तं नसन ना हिनं?"

काऊन नाई निघालं तोंडातून? सेल गिळला — येवढंच तं म्हनाचं होतं. पन मले साहेब दिसला, सेठ दिसला, काम गेलेलं दिसलं. पोट्टी समोर होती, ते नाई दिसली.

"दात येऊन राहिले असन," मी म्हनलं. अन् वंदना आत पानी आनाले गेली तवा बदक पदराखाली घेतलं, घरी आनलं, चुलीत घातलं.

दोन दिवस वंदना तिले दाताचं सिरप पाजत राहिली. मंग मोठ्या दवाखान्यात एक्सरेचा फोटो काढला — गोल सेल, गळ्यात अडकलेला. असा सेल आतून जाळते म्हने. डॉक्टर म्हनला, त्याच दिवशी आनाचं होतं. तिथंच, साऱ्या लोकायसमोर, वंदनाचा नवरा तिच्यावर फिरला.

"पंख्याचा रिमोट उघडा टाकते. तुह्यानंच झालं हे."

त्या रिमोटात तसाच सेल राहे, जुने सेल घरात पडून असत. वंदनालेबी तेच खरं वाटलं. ते भिंतीले टेकून रडत होती, अन् मी — मी तिच्या पाठीवरून हात फिरवून राहिली होती.

पिहू वाचली. गळ्याची चिरफाड झाली ते झाली. आता शाळेत जाते. आवाज खरखरीत, गल्लीतून मायले हाक मारता येत नाई. पोट्टे चिडवतेत. नवरा अजूनबी भांडनात तो रिमोट काढते, अन् वंदना मान खाली घालते.

परवा नव्या शेजारनीले वंदना माह्यासमोर सांगे, "त्या दिवसायत मावशी होती, म्हनून मी उभी राहिली."

मी आयकून घेतलं. तिनं चहा देल्ला. मी तो पिऊन घेतला.