लांब जायचं असेल तर

हे गेल्यावर त्यांची जुनी गाडी दारातच उभी राहिली. परवा ती सुरू होईना, म्हणून तिचे काळे पडलेले स्पार्क प्लग घेऊन मी दुकानात गेले.

“काकू, गाडी लांब नेता का?” दुकानदारानं विचारलं.

“नाही. रविवारी अंगणातच सुरू करते, जरा वेळानं बंद करते.”

“मग काजळी धरणारच. लवकर तापणारे प्लग देतो. लांब जाणार असाल, तर मात्र पहिल्यासारखेच बरे.”

लांब जायचं तर कुणाकडे? मला एकही नाव सुचेना. जागच्या जागी राहून माणसावरही अशीच काजळी धरत असेल.

“पहिल्यासारखेच द्या,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकटीच घाटात गेले. चढावर इंजिनाचा आवाज मोकळा झाला.

“अहो, ऐकलंत?” सवयीनं तोंडून निघून गेलं.

शेजारच्या सीटवर नुसतं ऊन होतं.