सर्व्हर सुनयनाला ओळखेना

सुनयनाला राग लवकर येतो, असं आदिलाबादच्या त्या रक्तपेढीत सगळेच म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. भीमपूरकडच्या खेड्यातली ही डोमाजीची लेक. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग आदिलाबादला कॉम्प्युटरचा डिप्लोमा, आणि तिथं सगळा कारभार तेलुगू आणि इंग्रजीत. पहिल्या वर्षी ती उत्तर द्यायला उभी राहिली की वर्ग हसायचा. ती रडली नाही. चिडली, आणि त्या चिडीतच दोन्ही भाषा शिकली.

रक्तपेढीत लागून तिला नऊ वर्षं झाली होती. कागदावर ती नोंदी भरणारी बाई. पण प्रिंटर अडला, उंदरानं वायर कुरतडली, काउंटरवरचं मशीन रुसलं की हाक तिलाच. सर्व्हरचा पासवर्ड मात्र तिला कुणी दिला नव्हता. तो असायचा हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडे. तीन वर्षांपूर्वी व्यवस्थापक अमृतरावांनी कागदी रजिस्टर बंद केलं, तेव्हाही ती भांडली होती. तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

तो सोमवार होता. सकाळी नऊला चारही काउंटरच्या मशीनवर एकच ओळ आली, सर्व्हरशी संपर्क होत नाही. आदल्या दिवशी सगळं नीट चाललं होतं. तिनं वायरी पाहिल्या, काउंटरवरून सर्व्हरला हाक मारून पाहिली. हाकेला उत्तर येत होतं. म्हणजे रस्ता मोकळा होता आणि दार बंद होतं.

तिनं हैदराबादला फोन लावला. चंदन नावाचा पोरगा बोलला. पहाटेच आम्ही डेटाबेसची नवी आवृत्ती चढवली, म्हणाला, आमच्या बाजूनं सगळं ठीक आहे, तुमचं नेटवर्क तपासा. आधी कळवलं काऊन नाही, असं तिनं विचारलं तर म्हणे अपग्रेड नेहमीच असे होतात. वरून मशीन बंद करून चालू करा म्हणाला. तिनं चारही मशीन दोनदा बंद-चालू केली. ओळ जागची हलली नाही.

तेवढ्यात इंद्रवेल्लीकडून आलेली भागाबाई काउंटरशी उभी राहिली. तिची बारा वर्षांची नात सिकलसेलची, पलीकडच्या दवाखान्यात भरती, अंगातलं रक्त फार उतरलेलं. चिठ्ठीवर बी निगेटिव्ह. असलं रक्त सहज मिळत नाही, आणि त्या दिवशी पेढीत त्याची एकच पिशवी होती, आदल्या दिवशी कुणी देऊन गेलेली. तिच्या तपासण्या रात्री झाल्या होत्या, पण निकाल सर्व्हरमध्ये आणि लेबल छापायचं राहिलेलं. लेबल नसलेली पिशवी बाहेर जाणार नाही, असं पेढीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. प्रयोगशाळेतल्या मोतीरामनं तपासण्या पहिल्यापासून पुन्हा लावल्या. त्याला दुपार उलटणार होती.

पिशवी काचेच्या फ्रिजमध्ये, खालच्या खणात, समोर दिसत होती. भागाबाई बाकावर बसून तिकडे पाहत राहिली. ती कुणावर ओरडली नाही, कुणाला काही म्हणाली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानंच सुनयनाच्या डोक्यात जाळ उठला.

अमृतराव आले. त्यांनीही कंपनीशी बोलून घेतलं होतं. सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, तुमी काल टेबलं सरकवली तवा वायर तर नाही ना हलवली? ते लोक म्हणतात, बिघाड आपल्याकडचाच आहे."

"साहेब, वायर हलली असती तर हाकेला उत्तर आलं नसतं," सुनयना म्हणाली. "मी वायर पाहून बसली. तुमी एकदा तरी त्यायले इचारलं का, पहाटे काय करून ठेवलं म्हणून?"

अमृतराव आत गेले. सुनयनाही त्यांच्यामागून सर्व्हरच्या खोलीत शिरली. तिथल्या पडद्यावर, खुद्द सर्व्हरवर, प्रोग्रॅम झटक्यात उघडला. सगळ्या नोंदी जागेवर होत्या, फक्त सर्व्हर बाहेरच्या कुणाला आत घेत नव्हता, आणि लेबल तर काउंटरच्या मशीनवरूनच निघायचं. दोष सर्व्हरच्याच मांडणीत आहे हे तिला कळलं. पण मांडणी बदलायची तर पासवर्ड हवा.

तिनं पुन्हा फोन लावून तो मागितला, तर चंदननं नकार दिला. पासवर्ड देणं नियमात बसत नाही, म्हणाला, आमचा माणूस दुपारी तीननंतर बघेल. सुनयनानं स्पीकर लावला, बाहेर आली आणि फोन भागाबाईच्या हातात दिला.

"मावशी, याले तुमीच सांगा, तीन वाजेपर्यंत थांबतो म्हणून," ती म्हणाली. "मी नाही सांगत."

भागाबाईनं मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं. नातीचं नाव सांगितलं, वय सांगितलं. पिशवी मला इथून दिसते आहे, म्हणाली, मग ती कुणी अडवून धरली आहे? लिहून घ्या, चंदन म्हणाला. मग त्यानं एकेक अक्षर करून पासवर्ड सांगितला.

पुढचा तासभर सुनयना जागची उठली नाही. जुनी आवृत्ती चालू असतानाच नवी तिच्या शेजारी बसवली होती आणि मग जुनी बंद केली होती. दोघींना एका दारावर बसता येत नाही, म्हणून नव्या आवृत्तीनं आपोआप पुढच्या क्रमांकाचं दार, म्हणजे पोर्ट, घेतलं होतं. काउंटरची मशीनं जुन्याच दारावर धडका देत होती. तिनं क्रमांक बदलला. तरी नाही. मग दिसलं की नवी आवृत्ती फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकते, बाहेरचं ऐकायला तिला सांगावं लागतं. ते सांगितलं, सेवा पुन्हा सुरू केली. आता काउंटरवर ओळ बदलली: या मशीनला परवानगी नाही. मोतीरामनं ती वाचून कपाळाला हात लावला, पण सुनयनाचा जीव थोडा भांड्यात पडला, कारण आता निदान कुणीतरी दार उघडून नाही म्हणत होतं. कुणाला आत घ्यायचं याची यादी जुन्या फोल्डरमध्येच राहिली होती. नवीन यादी कोरी होती. इतक्या दिवसांची ओळखीची मशीनं एका पहाटेत परकी झाली होती, आणि हे एकानंही तपासलं नव्हतं. तिनं चार ओळी दात खाऊन एकेक करून उतरवल्या.

बारा चाळीसला पहिला काउंटर उघडला. पिशवीचे निकाल निर्धोक होते. डॉक्टरांनी सही केली, लेबल निघालं, मोतीरामनं नातीच्या रक्ताशी जुळणी केली आणि दीडच्या सुमाराला भागाबाई पिशवीची पेटी छातीशी धरून निघून गेली. मागे वळून पाहायला तिला सवड नव्हती.

संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं: ग्राहकाच्या नेटवर्कमधील अडचण आमच्या टीमने तत्परतेने सोडवली. अमृतराव म्हणाले, झालं ना काम, आता कशाला उकरायचं. सुनयनानं उकरलं. पहाटेपासूनच्या घटना वेळेनिशी लिहून तिनं संस्थेच्या विश्वस्तांना अर्ज दिला. कंपनी काही बदलली नाही. पण अपग्रेड आठ दिवस आधी कळवून, कुणीतरी हजर असतानाच करायचं ठरलं, पासवर्डाचं बंद पाकीट कपाटात आलं आणि कागदी रजिस्टर पुन्हा सुरू झालं. तिचा हुद्दा तोच राहिला. अमृतराव तिच्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलले.

महिनाभरानं चंदनचा फोन आला. दुसऱ्या एका गावच्या रक्तपेढीत तीच ओळ आली होती, तिनं नेमकं काय केलं होतं ते त्याला हवं होतं. तिनं आधी विचारलं, तिथं कुणी पेशंट खोळंबला आहे का. नाही, आज तिथं सुट्टी आहे, तो म्हणाला.

"मग पहिले ते पत्र दुरुस्त करा," ती म्हणाली. "बिघाड कोनाचा होता अन् कोनं काढला, दोन्ही लिहा. विश्वस्तायले पाठवा. मग मी सांगतो."

वीस मिनिटांत पत्र आलं. तिनं ते दोनदा वाचलं, मग चंदनला फोन करून दार, परवानगी आणि यादी क्रमानं समजावून सांगितली. तो दोनदा सॉरी म्हणाला. तिनं ते ऐकून घेतलं, पण राहू द्या, असं काही ती म्हणाली नाही.