रविवारचा वर्ग

सोळा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी, बजाजनगरच्या बायकांच्या अभ्यासवर्गात, माझ्या बाकावरच्या सुनीतानं नवऱ्यासोबत घरी जायला नकार दिला. आज झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला आणि ती दुपार आठवली.

नुकत्याच झेरॉक्स करून आणलेल्या पानांवरून एकोणिसाव्या शतकातली एक कथा सुनीता मोठ्यानं वाचत होती. कथेतली बायको सासर सोडून निघाली होती. तेवढ्यात सुनीताचा नवरा वर्गाच्या दारात आला.

“पोरं उपाशी, अन् तू इथं गोष्टी वाचायलीस व्हय? ऊठ. आजपासून वर्ग बंद.”

“अहो, टोपल्यात भाकरी हायेत. वाढा की. तुम्हाला हात नाय का?”

बाया हसल्या. मला तेव्हा ती उद्धट वाटली होती. आज वाटत नाही.

तो निघून गेला. सुनीतानं उरलेली चार पानं उभी राहून वाचली. पुढच्या रविवारी ती माझ्याआधी बाकावर होती.