मातेचा शब्द मोडायचा नसतो

ज्या माणसांनी मला लहानाचं मोठं केलं, त्यांच्याबद्दल तिरस्कारानं लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. लिहून खोडलं, परत लिहिलं. पण माझ्या धाकट्या बहिणीचा जीव जाता जाता राहिला, ती हकीकत गोड शब्दांत मांडायला बसले की हात थांबतो. म्हणून जसं वाटलं तसंच लिहिते.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून थोडं आत आहे. घरी मेंढरं, शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. बारावीच्या पुढं गेलेली घरातली मी पहिलीच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हिंगोलीचं कॉलेज बंद झालं आणि मी गावी परत आले. तास फोनवर व्हायचे. फोनला रेंज फक्त गावाबाहेरच्या कडुलिंबाखाली, त्यामुळे माझं अर्धं शिक्षण शेळ्यांच्या सोबतीनं झालं. मला बघून काका रोज विचारायचे, "काय कॉलेजवाली, आज काय शिकवलं शेळ्यायला?"

हे काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना कोरोनातलं सगळं कळायचं. बाळापूरच्या बाजारात ते मास्क हनुवटीला लावून फिरायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे, "लेकरांला होतच न्हाई हा रोग. लेकरांचं रगत गरम असतंय." हे त्यांना कुणी सांगितलं, असं मी एकदा विचारलं. "सगळ्यायला माहीत हाय," म्हणाले. त्या ओट्यावर जे जोरात बोललं जायचं, ते सगळ्यांना माहीत असायचं.

मग आमच्या घरात खोकला शिरला. आधी काका, मग वडील, मग आई. आईला चुलीवरची भाकर करपली तरी वास येईना. घरोघरी चौकशीला फिरणाऱ्या आशाताई दारात येऊन सांगून गेल्या की तपासून घ्या, वेगळे राहा, लेकरांना जवळ घेऊ नका. काकांनी त्यांच्याशी भांडण काढलं. "आमाला काय धाड भरली? सर्दी हाय साधी." बहीण तेव्हा आठ वर्षांची होती. तिला थोडी सर्दी झाली, अंग किंचित तापलं आणि लगेच ती कोकरांमागं पळायला लागली. काका जिंकले. "पाह्यलं? म्हनलो न्हवतो?"

महिनाभरानंतर तिला परत ताप आला. या वेळी तो उतरेना. पोटात कळ यायची, खाल्लेलं उलटून पडायचं. डोळे लाल झाले, ओठ फुटले, मग छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ उठलं. आमच्याच घरात राहणाऱ्या आत्यानं तिला दारापाशी उजेडात नेलं, झगा वर करून पाठ बघितली आणि एकदम हात जोडले.

"माता आली," आत्या म्हणाली.

लेकराच्या अंगावर तापात पुरळ उठलं की आमच्याकडे तो रोग नसतो, माता घरी आलेली असते. दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधले गेले. चुलीवर फोडणी बंद झाली. आईनं केस विंचरायचे नाहीत, घरात चप्पल घालायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. लेकराला सुई नाही, गोळी नाही. कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली, म्हणजे पाणी पडलं, की माता शांत होऊन जाते. तोवर लेकरू गावाच्या वेशीबाहेर न्यायचं नाही.

ज्या घरानं कोरोनासाठी एक दिवस दार लावलं नव्हतं, त्या घरानं मातेसाठी असं विलगीकरण पाळलं की सरकारनं येऊन शिकावं. आशाताईंशी भांडलेले काका आता स्वतः दारात खाट टाकून बसले होते. कुणी आलं की लांबूनच हात करायचे, "आत येऊ नका, माता हाय घरात." लोकही मुकाट्यानं मागं फिरायचे. मला त्या माणसांची कीव यायला हवी होती. मला त्यांची किळस आली.

त्याच आठवड्यात एका कोकराच्या तोंडाला फोड आले होते. वडिलांनी ते सकाळीच मांडीवर घेतलं, एका पोराला मोटारसायकल चालवायला लावली आणि बाळापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेऊन आणलं. सुई दिली, मलम दिलं. मी वडिलांना म्हटलं, "बाबा, कोकराला नेलं तसं हिलाही न्या ना."

"कोकराला रोग हाय," वडील म्हणाले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

कडुलिंबाखाली बसून मी फोनवर शोधत राहिले. लेकरांच्या एका डॉक्टरांचं मराठीतलं बोलणं सापडलं. घरात कोरोना होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी लेकराला ताप आला, डोळे लाल झाले, पुरळ उठलं, पोट दुखलं, तर थांबू नका, असं ते सांगत होते. लेकराला कोरोना झालेला कळलाही नसेल, तरी हे होऊ शकतं. मी ते परत परत ऐकलं. माझं चुकत तर नाही ना, ही भीती होतीच. मला डॉक्टरकीतलं काय कळतं? पण त्यांनी सांगितलेलं सगळं आमच्या घरात गोधडीवर पडलेलं होतं.

घरी येऊन मी फोन सगळ्यांसमोर धरला. वडिलांनी ऐकलं आणि आत्याकडं बघितलं. आत्या म्हणाली, "सुई लावली की माता कोपती. लेकराचे डोळे जातात. तुझा फोन येईल का मंग डोळे द्यायला?"

काका म्हणाले, "कोरोना होऊन महिना झाला. आता कुठला कोरोना? अन् लेकरांला होत न्हाई, कितींदा सांगू?"

"कोरोना नव्हता, साधी सर्दी होती, असं तुम्हीच म्हणत होता ना काका?"

"लई बोलून राहिली गं तू."

आई लेकीच्या तळव्यांना कडुलिंबाचा पाला चोळत होती. तळवे सुजले होते.

या सगळ्या पाळण्यात आणखी एक रीत होती. माता अंगावर असेपर्यंत त्या लेकराला नाही म्हणायचं नाही. ते मागेल ते द्यायचं, कारण मागणारी माता असते. आत्या बहिणीशी अहो-जाहो बोलायची. "काय पायजे तुमाला, आईसाहेब? थंड पाणी देऊ?" बहिणीला आधी हसू यायचं. मग तिनं टरबूज मागितलं. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद असताना काका कुणाच्या तरी वावरातून टरबूज घेऊन आले. हीच पोरगी शाळेसाठी नवीन दप्तर मागत होती, तेव्हा "गप बस, भवाने" एवढंच उत्तर तिला मिळालं होतं. टरबुजाची एक फोड तिनं चाटली आणि तेवढंही उलटून पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याजवळ बसले. ताप असून तिचे हातपाय गार लागत होते. ती डोळे नीट उघडत नव्हती. आत्या बाहेर पाला आणायला गेली होती.

मी हळूच म्हटलं, "हे बघ, तू मागशील ते देऊन राहिलेत ना? मग दवाखाना माग."

"दवाखान्यात सुई देतात," ती म्हणाली.

"देतील. पण पोट दुखायचं थांबंल."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "मोटारसायकलवर न्हाई. जीपमदी."

"जीप माग. मोठ्यानं माग."

आत्या पाला घेऊन आत आली, तसं बहिणीनं मागितलं. आवाज फाटका होता, पण ऐकू गेला. "मला दवाखान्यात जायचंय. जीपमदी."

आत्याच्या हातातला पाला तसाच राहिला. "आईसाहेब, वेस ओलांडायची न्हाई अजून. पाणी पडू द्या."

"मला जायचंय."

"असं करू नये, माय."

"मंग टरबूज काहून दिलं?" बहीण रडायला लागली. "टरबूज मागितलं तर दिलं. मला दवाखाना पायजे."

दारातले काका उठून उभे राहिले होते. वडील आत आले. कुणीही लेकराकडं बघत नव्हतं, सगळे आत्याकडं बघत होते. आत्यानं कपाळाला हात लावला, काहीतरी पुटपुटली आणि शेवटी म्हणाली, "मातेचा शब्द मोडायचा नसतो. जीप बघा."

तेव्हा मला आनंद झाला असणार. पण आता आठवतो तो फक्त राग. पोटात कळ येतेय म्हणून एक लेकरू कितीतरी दिवस रडत होतं, ते कुणाला ऐकू आलं नाही. तेच लेकरू देवी म्हणून बोललं, तर काका अनवाणी पळत जीप आणायला गेले.

बाळापूरच्या डॉक्टरांनी तिचं ब्लडप्रेशर बघितलं, बराच वेळ परत परत बघितलं आणि तशीच नांदेडला न्यायला सांगितलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. मास्कच्या वर त्यांचे फक्त डोळे दिसायचे. त्यांनी विचारलं, "घरात महिना-दीड महिन्यात कुणाला कोरोना झाला होता?"

काका म्हणाले, "न्हाई मॅडम. साधी सर्दी." खोलीत लेकराला सलाईन लावत होते आणि हा माणूस अजून ओट्यावर बसून बोलत होता.

मी म्हटलं, "झाला होता. तपासलं नव्हतं. आईचा वास गेला होता."

त्यांनी रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली आणि मग आम्हाला समजावलं. तिला कोरोना होऊन गेला होता. विषाणू निघून गेला, पण त्याच्याशी लढणारी शरीराची ताकद थांबली नाही, ती शरीरावरच उलटली. हृदय दमलं होतं. हृदयाला रक्त नेणारी एक नळी फुगली होती. फार थोड्या लेकरांना असं होतं, पण ज्यांना होतं त्यांना थांबायला वेळ नसतो. "अजून थांबला असता तर काय झालं असतं, ते मी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "दाराला पाला बांधा, मला काही अडचण नाही. पण लेकरू दाराच्या आत का ठेवता?"

जिन्यात आल्यावर काका मला म्हणाले, "बाई लई तोऱ्यात बोलती."

शिरेतून औषधं गेली तसा ताप उतरला. बहिणीनं भात मागितला आणि तो पोटात राहिला. रोज घ्यायची एक छोटी गोळी आणि ठरावीक काळानं हृदय तपासायचं, एवढं सांगून त्यांनी घरी सोडलं.

गावात आम्ही पोचायच्या आधीच गोष्ट पोचली होती. मातेनं स्वतःच्या तोंडानं दवाखाना मागितला, केवढी दयाळू माता! आत्यानं पाच बायका जेवू घातल्या. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलंही नाही. ऐकून घेणारं होतं कोण? कॉलेज उघडल्यावर मी ही गोष्ट एका सरांना सांगितली. ते म्हणाले, "वा, श्रद्धा आणि विज्ञानाचा किती सुंदर संगम!" मी मान हलवली. मला त्यांना विचारायचं होतं की, सर, तुमच्या मुलीला ताप आला तर तुम्ही संगमाची वाट बघाल का? पण मी सरांना उलट बोलत नाही. अजूनही जमत नाही.

आता बहीण मोठ्या शाळेत जाते. नळीची सूज बरीच उतरली आहे, पूर्ण नाही. म्हणून वर्षातून एकदा नांदेडला दाखवायचं असतं. यंदा काका म्हणाले, "काय गरज हाय? पोरगी घोड्यासारखी पळती." वडिलांनी मान डोलावली. सोयाबीनची कामं होती.

रात्री भांडी घासताना बहीण मला म्हणाली, "ताई, परत माता आणू का अंगात? लगेच जीप येईल."

मला हसू आलं. मग नाही आलं. मी म्हटलं, "न्हाई. या वेळी तुझ्या तोंडानं माग."

सकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, "बाबा, मला नांदेडला जायचंय. हृदय तपासायचंय."

"तुला काय कळतं गं हृदयातलं?" काका म्हणाले आणि चहा प्यायला लागले. वडील वावराकडं निघाले. आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या अंगात आता कुणी नव्हतं, ती नुसती पोरगी होती.

जीप आली नाही. आम्ही दोघी फाट्यापर्यंत चालत गेलो. मागून आत्या धापा टाकत आली आणि कडुलिंबाचा एक डहाळा बहिणीच्या हातात देऊन म्हणाली, "पिशवीत राहू दे, माय." ती गेल्यावर बहिणीनं माझ्याकडं बघितलं. फाट्यावर कुणाची तरी शेळी बांधलेली होती. बहिणीनं डहाळा तिच्यापुढं धरला. शेळीनं तो काडीसकट खाल्ला आणि आणखी आहे का म्हणून तिची पिशवी हुंगू लागली. तेवढ्यात नांदेडची एसटी आली.