फक्कीचा गोल

मैदानावर रेघा आखायला जी चुन्याची पूड वापरतात, तिला खेळातली माणसं फक्की म्हणतात. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून लागलो आणि पहिल्याच आठवड्यात शाळेच्या मागे फक्कीचा एक गोल आखला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, त्यामुळे गोल आखूड झाला आणि वळणं फार जवळ आली. जमीन नाल्याकडे उतरती, वर कडक मुरूम. पण गोल पांढराशुभ्र दिसत होता आणि मला त्याचं कौतुक होतं. आज तो आठवला की चीड येते. ती सगळी स्वतःवरच काढता आली असती तर बरं झालं असतं.

बी.पी.एड.च्या पेपरात मी लिहिलं होतं, की वाढत्या मुलाला आधी सगळं येऊ द्यावं. पळणं, उडी, फेकणं, झेलणं, लोंबकळणं, तोल सांभाळणं, पडणं आणि पडून उठणं. एकच खेळ धरायचा तो पुढे, शरीर भरल्यावर. मार्क चांगले पडले. नोकरीत ते उत्तर मी विसरलो असं म्हणत नाही. विसरलो असतो तर सोपं होतं. ते पाठ असताना मी दुसरंच करत होतो.

मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं कपाट होतं. खालच्या कप्प्यात नकाशे, मधल्यात पृथ्वीचा गोल, वरचा कप्पा रिकामा.

"सर, तो वरचा कप्पा बघा," ते मला एकदा म्हणाले. "शेजारच्या गावात ढाली ठेवायला जागा नाही. आपल्याकडे जागाच जागा."

"मुलं रोज खेळतात, सर."

"खेळतात ते ऐकू येतं हो. गणिताचे सर रोज तक्रार घेऊन येतात. मी विचारतोय, जिंकतात का?"

त्यानंतर माझ्या तासाला चारपाच निवडक मुलं गोलावर पळायची आणि बाकीचा वर्ग गोलावरचे खडे वेचायचा. खडे वेचून झाले की कडुनिंबाखाली गप्प बसायचं. आमच्या भागातल्या बऱ्याच शाळांत हाच रिवाज होता, म्हणून त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. अख्खा वर्ग वर्षभर खडे वेचायचा आणि त्याला आम्ही शारीरिक शिक्षण म्हणायचो.

आठवीतली एक मुलगी मला खडे वेचणाऱ्यांत सापडली. ती वाकून वेचत नव्हती. उकिडवी बसून बेडकासारख्या उड्या मारत पुढे सरकायची आणि खडा न बघता मागच्या नाल्यात भिरकावायची. खडा नाल्यातच पडायचा. मधल्या सुट्टीत ती चिंचेवर सूरपारंब्या खेळायची, पोरांच्या बरोबरीनं फांदीवरून लोंबकळून खाली उडी टाकायची. विहिरीत पोहायची. मी तिला गोलावर पळवून पाहिलं. निवडलेली सगळी मुलं मागे पडली.

मी दुसऱ्या दिवशी तिला चिंचेवरून खाली उतरवलं.

"आजपासून झाड बंद. विहीर बंद. पाय मुरगळला म्हणजे?"

"आजवर न्हाई मुरगळला, सर."

"आजवर स्पर्धा नव्हती."

ती उतरली. पोरांपैकी कुणी तरी वरून म्हणालं, "जा बाई, तू आता शाळंची घोडी झालीस." ती हसली, मीही हसलो.

तालुक्याला ती सहाशे मीटरमध्ये पहिली आली. जिल्ह्याची स्पर्धा नगरला, डिसेंबरात. पण दिवाळी झाली की तिच्या घरचे दरवर्षी ऊसतोडीला जायचे, कोपरगावकडे, आणि तीही बरोबर जायची. धाकट्या भावाला सांभाळायला, भाकरी थापायला. दरवर्षी अर्धी शाळा तिथेच बुडायची. मी तिच्या वडिलांना भेटलो. ते ट्रकला दोर बांधत होते.

"हिला यंदा इथं ठेवा. चुलत्याकडे राहील. ही जिल्ह्याला जिंकणार."

"जिकून काय व्हतं, सर?"

"विभागाला जाते. मग राज्याला. पेपरात फोटो येतो. पुढं पोलिसात घेतात."

यातलं कुठलं माझ्या हातात होतं? त्यांनी दोर ओढून गाठ मारली. "बरं. पळती तवर ठिवा. न्हाई पळली तर निरोप धाडा, मी येतो न्यायला."

मला हे बोलणं विजयासारखं वाटलं. तिनं ते ट्रकच्या पलीकडे उभं राहून ऐकलं होतं, आणि त्याचा अर्थ तिला माझ्याआधी कळला.

सहाशे मीटरच्या शर्यतीसाठी मी तिला सकाळी शाळेआधी पळवायचो आणि संध्याकाळी पुन्हा. सगळं त्या आखूड गोलावर, सगळं एकाच दिशेनं, कारण शर्यतीत डावा हात आत ठेवून पळायचं असतं. दुसरं काही नाही. उडी नाही, फेक नाही, चिंच नाही. पंधरवडाभरानं तिनं विचारलं,

"सर, आज उलट्या बाजूनं पळू का?"

"का?"

"सहज. ह्या बाजूनं पळून पळून कटाळा आला."

"शर्यत उलटी असते का? ट्रक रस्त्याच्या डाव्या बाजूनंच जातो ना?"

"रिकामा असला म्हंजे कुटूनबी जातो, सर."

मी हसलो आणि सुलटंच पळायला लावलं. तिची डावी नडगी आतून ठणकत होती. वळणावर सगळा भार त्याच पायावर यायचा, जमीन उतरती असल्यानं आणखीच. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं, शिकलो होतो मी ते. तिचा डावा पाय टेकताना किंचित आखडायचा तेही दिसत होतं. मी मनाशी ठरवलं की दमली असेल. एकदा विचारलं देखील, "दुखतंय का काही?" ती म्हणाली, "न्हाई." दुखतंय म्हटलं असतं तर निरोप गेला असता आणि वडील न्यायला आले असते.

नगरच्या मैदानावर गोल मोठा, माती मऊ. पहिल्या वळणाला ती पुढे होती. दुसऱ्या वळणावर तिनं पाय उचलला आणि खाली ठेवलाच नाही. एका पायावर उड्या मारत ती रेघेच्या बाहेर आली आणि गवतात बसली. रडली वगैरे नाही. मला म्हणाली, "सर, आबांना लगेच कळवू नका."

मी तिला रिक्षानं सावेडीतल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरला. हाडाला बारीक चीर होती.

"कधीपासून दुखतं?" त्यांनी तिला विचारलं.

"कालपासनं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "हे कालचं नाही. तुम्ही कोण हिचे?"

मी सांगितलं, शिक्षक.

शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे यंदाही कप्पा रिकामाच." मग म्हणाले, "दुसरी कुणी आहे का?" त्यांनी वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. त्यांनाही वरून कुणी तरी विचारत असणार. तरी तो प्रश्न अजून कानात आहे, कारण मी "बघतो" असं उत्तर दिलं.

निरोप गेलाच. वडील आठवड्याभरात आले. मी म्हणालो, पाय बरा होईस्तोवर राहू द्या, शाळा तरी होईल.

"पळती तवर, असं ठरलं हुतं," ते शांतपणे म्हणाले. "चुलत्याच्या घरात नुसती किती दिस ठिवायची?"

तिची शाळा मी तिच्या पायावर टेकवली होती. पाय गेला, शाळा गेली. ती लंगडत एस.टी.त चढली.

फेब्रुवारीत एका रविवारी मी कोपरगावला गेलो. उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोप्या होत्या. ती कोपीपुढे भाकरी थापत होती, कडेला भाऊ खेळत होता. मला बघून हात पुसत उठली. लंगडत नव्हती.

"पाय बरा झाला?"

"कवाच. आबांना म्हनते अजून दुखतोय. न्हाईतर मोळ्या वाहायला लावतील."

"मग चल शाळेत. परीक्षा तोंडावर आलीय."

"येते की. पन पळायचं नको, सर. नुसती शाळा."

"नुसती शाळा," मी म्हणालो.

"आबांना तसंच सांगा पर."

तिचे वडील फडातून आले, डोक्याचं फडकं सोडून बसले. मी सांगायला लागलो. शाळा महत्त्वाची आहे, मुलगी हुशार आहे, दहावी झाली तर बरं होईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या गावात धाव्वी झालेली पोरं हायत, सर," ते म्हणाले. "आमच्याच टोळीत दोगं हायत. त्यो बगा, मोळी बांधतोय त्यो."

त्यांनी दाखवलेल्या मुलाकडे मी पाहिलं. शिक्षक म्हणून तिथे मला काही तरी म्हणता यायला हवं होतं. अजूनही मी प्रवासात, अंघोळीला, त्या बोलण्याला उत्तर जुळवत असतो. त्या दिवशी एकच उत्तर तोंडात आलं.

"पाय बरा झालाय तिचा. पळेल ती. पुढच्या वर्षी जिंकेल."

ती कोपीच्या दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आत जाऊन दप्तर काढलं.

"मग न्या," वडील म्हणाले. "चुलत्याला सांगतो."

सोमवारी सकाळी शाळेआधी मी मैदानावर गेलो तर ती फक्कीच्या रेघेवर चपला काढून उभी.

"किती फेऱ्या, सर?"

"एकही नाही. वर्गात जा."

"आबांना तर म्हनला तुमी."

"त्यांना म्हणालो. तुला नाही."

तिचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? आठवडाभर ती रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि मी रोज परत पाठवायचो. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मधल्या सुट्टीत चिंचेवर दिसली. तेव्हा मी झाडाकडे पाठ करून उभा राहिलो, तिला उतरायला लागू नये म्हणून.

त्या वर्षी मी खडे वेचणं बंद केलं. सगळ्या वर्गाला चेंडू, दोर, उड्या, काय सुचेल ते दिलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी "तासाला शिस्त नाही" असा शेरा मारला. मुख्याध्यापकांनी वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवली. मुलं नीट उड्या मारायला शिकत होती, पण ते दाखवायला कुठला कप्पा नव्हता.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रक पुन्हा उभा राहिला. ती नववीत होती. निघायच्या दिवशी सकाळी तिचे वडील थेट मैदानावर आले. तास चालू होता.

"यंदा पळती का, सर?"

"पळते," मी म्हणालो. वर्षभरात ती त्या गोलावर एक पाऊल पळाली नव्हती.

"मग बगू तर. जायच्या आदी डोळ्यानं बगतो."

मी काही बोलायच्या आत तिनं हातातला दोर खाली टाकला. सगळा वर्ग थांबला. पोरांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. ती रेघेजवळ आली, चपला काढल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग वळली आणि उलट्या बाजूनं पळायला लागली, उजवा हात आत ठेवून. पुसट झालेल्या फक्कीवरून, टाकीपाशी वळून, नाल्याच्या कडेनं. मी पायाकडेच बघत होतो. डावा पाय नीट टेकत होता.

वडील मान हलवत होते. त्यांना दिशा कळण्याचं कारण नव्हतं.

"पळती की," ते म्हणाले. "ठिवा मग." आणि जाता जाता वळून, "फोटू आला की पेपर जपून ठिवा, सर."

मी हो म्हणालो.

ती फेरी संपवून आली, चपला घातल्या आणि दम खात विचारलं, "गेले का?"

"गेले."

"आता पुढच्या दिवाळीला परत पळावं लागंल," ती म्हणाली आणि दोर उचलून उड्या मारणाऱ्यांत जाऊन उभी राहिली.