हवेतला पोरगी पाहण्याचा कार्यक्रम

विमानात बसणारा माणूस सुधारलेला असतो, असा हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात एक समज आहे. माझ्या बाबांचा तर पक्काच होता. मी इतकी वर्षं विमानात नोकरी करते आहे, म्हणून सांगते, माणूस तोच असतो हो, फक्त तिकीट महाग असतं. कटंगीच्या बसमध्ये जो खिडकीतून पिचकारी मारतो, त्याला विमानाची खिडकी उघडता येत नाही. मग तो तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशवीत थुंकतो आणि ती पिशवी समोरच्या सीटच्या खिशात नीट उभी करून ठेवतो. सांडू नये याची काळजी घेतो बिचारा. पुढे त्या खिशात हात मला घालावा लागतो.

टाय लावलेले साहेब बूट काढून मोज्यातला पाय पुढच्या माणसाच्या कोपरापर्यंत पोचवतात, आणि पुढच्याने तक्रार केली की मलाच विचारतात, "मॅडम, आप ही बताइए, पैर कहाँ रखूँ?" एका बाईंनी मी सँडविच वाटत असताना बाळाचा भरलेला डायपर माझ्या हातात दिला. वर म्हणाल्या, गरम आहे, सांभाळून. एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात डायपर आणि चेहऱ्यावर हसू. ट्रेनिंगमध्ये आम्हाला हसायला शिकवतात ते अशाच प्रसंगांसाठी, हे मला त्या दिवशी समजलं.

आता एक गोष्ट, जी बालाघाटात कोणाला ठाऊक नव्हती. आमची कंपनी स्वस्तातली. विमान मधल्या शहरात थोडा वेळ थांबतं, तिथे उतरणारे उतरतात आणि पुढे जाणारे जागेवर बसून राहतात. त्या वेळात सफाईवाले येत नाहीत. आम्हीच हातमोजे चढवतो, मोठी पिशवी धरतो आणि रांगेरांगेने वाकत लोकांचं उष्टंखरकटं, कागद, बाटल्या गोळा करतो. मग सीटचे पट्टे फुली मारल्यासारखे एकमेकांवर ठेवतो, केस सारखे करतो आणि दारात उभं राहून नव्या लोकांना हात जोडतो. ते लोक म्हणतात, वा, काय स्वच्छ विमान आहे!

घरी मी हे सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नाही. बाबा सरकारी कचेरीतून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून निवृत्त झालेले. त्यांना प्रश्न विचारायची सवय नाही, उत्तरं द्यायची आहे. माझी पोरगी काय करते याचं उत्तर त्यांनी स्वतःच तयार केलं होतं: "एअरलाइनमध्ये ऑफिसर आहे. लोकांले नमस्कार करते, बस." चौकात, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच.

आणि मग माझं लग्न निघालं. स्थळ कटंगीचं, घरची राइस मिल, पोरगा बेंगळुरूला कंपनीत. सरळ सांगते, मला तो आवडत होता. घरच्यांनी नंबर दिल्यावर आम्ही सहा-सात महिने फोनवर बोलत होतो, तेही हिंदीतच, कारण त्याचं मराठी 'जेवलीस का' पाशी संपायचं. माझे प्रवाशांचे किस्से ऐकून तो खदखदा हसायचा. कचरा उचलण्याचंही मी फक्त त्यालाच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "रिस्पेक्ट, यार. माँ को मैं समझा दूँगा." एवढ्यावर मी विरघळले होते. हो, विरघळले होते, त्यात लपवायचं काय!

समजावण्याची गरज होती, कारण त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, पहिल्याच भेटीत बाबांना सरळ विचारलं होतं, "बाकी सगळं ठीक आहे जी, पण पोरीले तिथं लोकांचं उष्टं तं नाई उचला लागत? आमच्या घरात ते चालत नाई." आमच्याकडे उष्ट्याचं मोठं प्रकरण असतं. कोणाचं ताट कोण उचलतं यावरून घरातली पायरी ठरते. बाबांनी जन्मात स्वतःचं ताट उचललेलं नाही, आणि आईने जन्मात दुसरं काही केलेलं नाही. बाबा ताबडतोब म्हणाले, "छे छे! त्याले सफाईवाले राहतात." झाकली मूठ होती, तशीच राहू द्यायची की नाही? पण नाही. बाबांना सुचली कल्पना. पोराचा बेंगळुरूचा फ्लॅट पाहायला दोन्ही घरच्यांनी जायचंच आहे, तर माझ्याच विमानाने जाऊ, म्हणजे काकूंना पोरगी कामावर कशी दिसते तेही पाहता येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला कळलं तेव्हा तिकिटं निघाली होती. नागपूरहून हैदराबाद, आणि त्याच विमानाने पुढे बेंगळुरू.

चौदावी रांग. खिडकीशी काकू, मधे आई, वाटेच्या बाजूला बाबा. काकूंचे यजमान गुडघे दुखतात म्हणून आले नव्हते. मी दारात हात जोडून "वेलकम, सर" म्हटलं तर बाबांनी मागे वळून काकूंना सांगितलं, "पाह्यलं? मलेही सर म्हणते." कंपनीचा नियमच तसा आहे, सगा बाप असला तरी सरच.

विमान वर गेलं आणि घंटी वाजली. चौदावी रांग. काकूंना पाणी हवं होतं. पाणी दिलं. मी मागे पोचते न पोचते तोच पुन्हा घंटी, पाणी थंड आहे. पुन्हा घंटी, हे बटण कशाचं आहे? तिसऱ्या वेळी माझ्या टाळक्यात उजेड पडला. पूर्वी पोरीला चालून दाखव म्हणायचे, आता घंटी दाबतात! काकू माझी चाल पाहत होत्या, उंची पाहत होत्या, वाकते तेव्हा चेहरा कसा होतो ते पाहत होत्या. माझ्यासोबतची मुलगी म्हणाली, ही बाई फार त्रास देते आहे, मी जाऊ का? मी म्हटलं, नको, तिला मीच हवी आहे.

तेवढ्यात डबे उघडले. नागपूरला बाबांनी उकडलेल्या फल्ल्या घेतल्या होत्या, शेंगा हो, टरफलासकट. काकूंनी पिशवीभर संत्री आणली होती. काकू एक साल हातात धरून इकडेतिकडे पाहत होत्या, हे खरं सांगायला हवं. त्यांना टाकायला जागा हवी होती. आणि माझे बाबा, विमानाचे जाणकार, म्हणाले, "टाका ना जी खाली. बिनधास्त टाका. इथं माणसं राहतात त्याले. त्याचाच तं पगार आहे त्यांचा." आणि दाखवायला म्हणून स्वतः मूठभर टरफलं पायाशी सोडली. मी गाडी ढकलत अगदी शेजारी होते. मी पिशवी पुढे केली, म्हटलं, "सर, यात टाका." बाबा म्हणाले, "राहू दे बेटा, तू काहून त्रास घेतं? ते करतीन." आईने माझ्याकडे पाहिलं. आईला काहीतरी समजलं असावं, कारण ती शेंगा खायची थांबली.

हैदराबाद आलं. निम्मे लोक उतरले. मी मागे जाऊन हातमोजे घातले. नोकरीत कधी लाज वाटली नाही मला, त्या दिवशीही कामाची वाटत नव्हती. भीती होती ती पोराशी जुळलेली गाठ सुटण्याची. मनात आलं, सोबतच्या मुलीला सांगावं की चौदावी रांग तू घे. तिने घेतलीही असती. पण तिची बाजू पुढची, माझी मागची, आणि तिने माझ्या बापाची टरफलं का उचलावी?

मी शेवटच्या रांगेपासून वाकत वाकत पुढे आले. बावीस, वीस, अठरा. काकू सीटवरून मान उंच करून पाहत होत्या. पंधराव्या रांगेत कोणीतरी दही-भात उलटा करून गेलं होतं, तो टिश्यूने निपटून काढला. आणि चौदाव्या रांगेशी आले. खाली लग्नाच्या मांडवातल्यासारखा पसारा. मी गुडघ्यावर बसले.

आणि बाबांनी पाय वर घेतले.

घरी आई झाडत आली की पेपर न हलवता घेतात ना, तसेच. अगदी सवयीने. मग त्यांच्या लक्षात आलं खाली कोण आहे ते. त्यांचा चेहरा पडला आणि पाय तसेच हवेत राहिले. तरी बडे बाबू ते, सावरून घेत मोठ्याने म्हणाले, "आज सफाईवाले आले नाई वाटते?"

मला वाट काढून दिली होती त्यांनी. मी 'हौ' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. लग्न, बाबांची पत, सगळं. पण माझ्या मस्तकापर्यंत राग चढला होता. मी म्हटलं, "नाही सर. सफाईवाले नसतातच. आम्हीच करतो. रोज."

आई खाली वाकून शेंगांची टरफलं पदरात गोळा करायला लागली. मी म्हटलं, "मॅडम, राहू द्या." ती म्हणाली, "चूप बस." बाबा समोरचं सुरक्षेचं कार्ड वाचत होते. मी काकूंच्या पायाखालची संत्र्याची सालं काढली, बियाही काढल्या, आणि आता काय ऐकायला लागतं म्हणून वर पाहिलं.

काकू हसत होत्या. मनापासून. माझ्या मागोमाग वाकून त्यांनी फरशी तपासली आणि बाबांना म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या बिया बी काढल्या हो पोरीनं! आमची बाई तं कोपरे सोडूनच देते. आणि तोंड पाहा, एवढंसंबी वाकडं नाई. आपल्याले पसंत आहे जी पोरगी."

अरे बाप्पा! परक्यांचं उष्टं चालत नव्हतं ना यांच्या घरात? पण परक्यांचं जी इतक्या मुकाट्याने उचलते, ती घरच्यांचं किती उचलेल, हा हिशोब त्या बाईने माझे हातमोजे निघायच्या आत केला होता. बाबांचे पाय एकदम जमिनीवर आले. म्हणाले, "मी म्हटलंच होतं, पोरगी कामाले वाघ आहे." कधी म्हटलं होतं? देव जाणे. मी "थँक यू, मॅडम" म्हटलं आणि तेराव्या रांगेत गेले. मनाची समजूत घातली, काकूंचं जाऊ दे, संसार पोराशी करायचा आहे, आणि पोरगा तसा नाही.

बेंगळुरूला माझं त्या दिवसाचं काम संपलं. बाहेर तो घ्यायला आला होता. प्रत्यक्षात आम्ही एकदाच भेटलो होतो, त्यापेक्षा आता जास्त चांगला दिसत होता. काकूंनी सामान खाली ठेवायच्या आधी सगळं वर्णन केलं. वाकली कशी, कोपरे काढले कसे, दही-भात सुद्धा कसा पुसला. मी त्याच्याकडे पाहत होते. आता म्हणेल, मला माहीत आहे. आता म्हणेल, आई, मी तुला सांगणारच होतो.

तो म्हणाला, "अच्छा? ये तो मुझे पता ही नहीं था." आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून, "चलो, फिर तो कल से कामवाली की छुट्टी!"

काकू हसल्या. बाबा तर टाळी द्यायच्या बेतात होते. मी बॅगेचा दांडा घट्ट धरला. इतके महिने फोनवर जो हसायचा, तो कशाला हसायचा, ते मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "काकू, मले हे लग्न करायचं नाई."

पोरगा म्हणाला, "अरे, मज़ाक था यार." बाबांनी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि दात-ओठ खात कुजबुजले, "अशी काय करून राह्यली? सगळं जमलं होतं ना! पोरगा मस्करीत बोलला. थोडं हसून घेतलं असतं तं काय बिघडलं असतं?"

"हसायचा पगार भेटते मले, बाबा," मी म्हटलं. "आता ड्यूटी संपली."

आईने आपली थैली उचलली आणि माझ्यासोबत चालायला लागली. बाबा काही वेळ त्या दोघांजवळ उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग तेही आले, रिकाम्या हातांनी. थैली आईच्याच हातात राहिली.